नाना फडणीस व बाजीराव रघुनाथ : पक्ष बदलल्याचे कागद कसे वाचावे ?

(१) ज्या वारसास पुढें आणण्याचा आपण यत्न केला तो मागें पडला, आणि ज्यास आपण वर्षानुवर्षें अडवून धरलें तोच गादीवर बसणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं, म्हणजे मुत्सद्द्याचें मन त्या दुसऱ्याकडे कसें वळतें, हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासांत अनेकदां उपस्थित होतो. याचें सर्वांत ठळक उदाहरण शके १७१७ व १७१८ (इ. स. १७९५–९६) या दोन सालांतील नाना फडणीसांचें होय. रघुनाथरावाच्या घराण्यास जन्मभर दूर ठेवणारे नाना त्याच घराण्यांतील बाजीरावास गादीवर बसविण्यासाठीं महाडास बसून सर्व हिंदुस्थानभर सूत्रें हालवितात, हें पाहून कोणी त्यांस अधिकारलोभी म्हणतो, तर कोणी राज्य राखण्यासाठीं त्यांनीं मान गिळला असें म्हणतो. दोन्ही पक्षांचे लोक नानांच्या स्वभावाबद्दल बोलतात. कागदांच्या तारखांबद्दल फारसें कोणी बोलत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही ही गोष्ट तारखांच्या अंगानें मांडणार आहों. जुने कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत अशा वाचकांस तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल, अशी आशा आहे.

(२) हा प्रश्न नाशिककरांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. नाशिकच्या पश्चिमेस गोदेच्या कांठीं आनंदवल्ली म्हणून जें स्थळ आहे, व जें हल्लीं शहराच्या वस्तींत मिसळून गेलें आहे, त्याचें मूळ नांव चावंडस असून रघुनाथरावानें तेथें आपलें राहण्याचें ठिकाण केल्यावर त्यास हें नवें नांव मिळालें. तेथील नवश्या गणपतीचा संबंधही लोकपरंपरा याच घराण्याशीं जोडते. त्याच कांठानें आणखी वर गेलें म्हणजे गंगापूर लागतें. नानासाहेब पेशव्यांची पत्नी, म्हणजे मारल्या गेलेल्या नारायणरावाची आई गोपिकाबाई, हिनें आपलें उत्तर आयुष्य तेथें काढलें व ती इ. स. १७८८ सालीं वारली. तात्पर्य, पेशव्यांच्या घरांतील तंटा पुण्यास शनिवारवाड्यांत जेवढा होता तेवढाच तो या नदीकांठींही होता. एका नदीचें पाणी दोन्ही घरीं जात असे, पण एका घरचें मन दुसऱ्या घरीं जात नसे.

रघुनाथराव इ. स. १७८३ च्या डिसेंबरांत कोपरगांवीं वारला. त्याच्या मागें पत्नी आनंदीबाई, दत्तक पुत्र अमृतराव, औरस पुत्र बाजीराव आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला चिमाजीआपा एवढीं माणसें राहिलीं. तीं कोपरगांवीं नजरेखालीं असत. इ. स. १७९३ सालीं त्यांस आनंदवल्लीस आणण्यांत आलें. तेथें आनंदीबाई इ. स. १७९४ सालीं वारली. त्याच सुमारास निजामाशीं युद्धाचा रंग दिसूं लागल्यावर, पुण्याच्या फौजा बाहेर पडल्या असतां या मुलांच्या नांवानें कोणी फितूर उभें करील या भीतीनें नानांनीं तिघांस जुन्नरजवळील शिवनेरी किल्ल्यावर नेऊन सक्त पहाऱ्यांत ठेविलें. रघुपंत गोडबोले व बळवंतराव नागनाथ हे त्यांचे रखवालदार. यांपैकीं बळवंतरावाच्याच मार्फत बाजीरावानें सवाई माधवरावाशीं गुप्त पत्रव्यवहार चालविला. दोघे चुलते-पुतणे जवळजवळ एकाच वयाचे. सवाई माधवराव १७७४ च्या एप्रिलांतला, तर बाजीराव १७७५ च्या जानेवारींतला. ही गोष्ट फुटतांच नानांनीं बळवंतरावास कैद केलें व बाजीरावावरील पहारा अधिक कडक झाला. म्हणजे ज्या तरुणाकडे पुढें नानांस वळावें लागलें, त्याच्या मनांत नानांबद्दल काय सांठलें असेल हें निराळें सांगावयास नको.

(३) आश्विन शुद्ध १५ शके १७१७, म्हणजे ता. २७ आक्टोबर १७९५ रोजीं, दोन दिवसांपूर्वीं वाड्याच्या गच्चीवरून खालीं पडलेला सवाई माधवराव निपुत्रिक वारला. शास्त्राप्रमाणें व रक्ताच्या नात्यानें सर्वांत जवळचा वारस बाजीराव. परंतु नानांचा आवडता मार्ग निराळा होता : विधवा यशोदाबाईच्या मांडीवर एखादें लहान मूल दत्तक द्यावें आणि कारभार पूर्वीप्रमाणें आपल्या हातीं राहावा. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं नानांचा खरा उमेदवार म्हणजे कोणी विशिष्ट मनुष्य नव्हता. ज्याचें नांवही अजून ठरलें नव्हतें असें एक अज्ञान बालक, हाच त्यांचा उमेदवार. त्यांची प्रीति व्यक्तीवर नसून व्यवस्थेवर होती. नारायणरावाच्या खुनानंतर अशाच एका बालकाच्या नांवानें बारभाईंनीं राज्य संभाळलें होतें, आणि तोच धडा नानांनीं पुन्हां गिरविण्याचें योजिलें.

या बेतास मोठमोठ्या सरदारांचीं अनुकूल उत्तरें त्यांनीं मिळविलीं. पण बाजीरावानें शिवनेरीवरून दौलतराव शिंद्याचा कारभारी बाळोबा तात्या पागनीस याच्याशीं परस्पर संधान बांधलें. आपणांस गादी मिळवून दिल्यास चार लक्षांचा मुलूख व फौजेचा खर्च देऊं, असें त्यानें कबूल केलें. हें कळतांच नानांनीं तासगांवाहून परशुरामभाऊ पटवर्धनांस बोलाविलें. दोघांच्या मसलतीचा निष्कर्ष असा निघाला, कीं बाजीराव शिंद्याच्या हातून गादीवर आला तर आपण बुडालों. तो येणारच असेल तर आपल्या हातून यावा. परशुरामभाऊ शिवनेरीस गेले. अमृतरावानें भावास विश्वास न ठेवण्याचा सल्ला दिला. बाजीरावास मात्र शपथ हवी होती. तेव्हां भाऊंनीं गाईचें पुच्छ धरून व गोदावरीची आण घेऊन, यांत कपट नाहीं असें सांगितलें. बाजीराव व चिमाजी पुण्याकडे निघाले. अमृतराव मागेंच अडकून राहिला. इ. स. १७९६ च्या मार्चांत नाना व बाजीराव यांची भेट झाली, मागील वैर विसरल्याचीं वचनें झालीं, कारभार नानांकडेच राहील असें ठरलें, आणि करारांचे कागद एकमेकांस देण्यांत आले.

(४) परंतु हा योग दोन महिनेही टिकला नाहीं. आपला डाव नानांनीं हिरावला म्हणून चिडलेला बाळोबा शिंद्यास घेऊन पुण्यावर आला. नाना पुणें सोडून पुरंदर, सातारा व वांई या मार्गानें निघून गेले. मग बाळोबानें परशुरामभाऊंपुढें नवी युक्ति मांडली, कीं बाजीरावास बाजूला सारून धाकट्या चिमाजीसच यशोदाबाईच्या मांडीवर द्यावें व पेशवा करावें. भाऊंनीं ती मान्य केली. ता. २६ मे १७९६ रोजीं सुमारें बारा वर्षांचा चिमाजीआपा पेशवा झाला. ज्या भाऊंनीं गोदावरीची आण घेऊन थोरल्यास आणलें, त्यांनींच धाकट्यास बसविलें ! शिवाय हें दत्तविधान नात्याच्या दृष्टीनेंही विलक्षणच होतें. रघुनाथराव हा सवाई माधवरावाच्या आज्याचा भाऊ. तेव्हां रघुनाथरावाचा पुत्र चिमाजी हा सवाई माधवरावाचा चुलत चुलता लागला. पुतण्याच्या विधवेनें चुलत सासऱ्यास मुलगा म्हणून मांडीवर घेतलें !

येथें नानांची मूळ योजना उलट अंगानें सिद्ध झाली होती, ही मौज पाहण्यासारखी आहे. यशोदाबाईचा दत्तक, अज्ञान बालक, नांवाचा पेशवा, हें सर्व नानांस पाहिजे होतें तसेंच घडलें. पण कारभार दुसऱ्यांच्या हातीं गेला. म्हणजे नानांचा आवडता पक्ष हरला तो उमेदवार पडला म्हणून नव्हे. उमेदवार जिंकला आणि नाना मात्र बाहेर राहिले, म्हणून. मग महाडास आश्रय घेतलेल्या नानांपुढें एकच मनुष्य उरला : तितकाच फसविला गेलेला बाजीराव. बाळोजी कुंजीर नांवाचा मराठा पाटील दोघांमध्यें निरोप नेऊं लागला. तेथून जें उभें राहिलें त्यास इतिहासांत ‘महाडचें कारस्थान’ म्हणतात. परशुरामभाऊंची जहागीर, अहमदनगरचा किल्ला आणि दहा लक्षांचा मुलूख एवढें आमिष नानांनीं दौलतरावास दाखविलें. मोबदल्यांत बाळोबास धरावें, बाजीरावास गादी द्यावी व शिंद्यानें हिंदुस्थानांत निघून जावें. खर्ड्याच्या लढाईपासून पुण्यास अटकेंत असलेल्या निजामाच्या दिवाणाशीं तह करून, त्या लढाईनें मिळालेल्या लाभांतला मोठा भाग परत देण्यास नाना राजी झाले. ता. २७ आक्टोबर १७९६ रोजीं दौलतरावानें बाळोबास कैद केलें. परशुरामभाऊ चिमाजीस घेऊन शिवनेरीकडे पळाले, पण पकडले गेले. डिसेंबरांत बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. चिमाजीचें दत्तविधान अशास्त्र ठरवून रद्द झालें, तें करविणाऱ्या शास्त्र्यांवर बहिष्कार पडला, आणि ज्याची यांत कांहींच इच्छा नव्हती त्या पोरास प्रायश्चित्त घ्यावें लागलें.

(५) आतां कागदांकडे वळूं. वरील हकीकत ग्रांट डफच्या इ. स. १८२६ मधील ग्रंथापासून सर्वत्र आढळते. वासुदेवशास्त्री खरे यांनीं छापलेल्या पटवर्धनी पत्रांवरून तिचा दुसरा पदर दिसतो, व पुण्याचा इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्या दिनांकित पत्रांवरून तिसरा. परंतु संग्राहकाच्या हातीं येणारें सुटें पत्र बहुधा इतकें सरळ नसतें. त्यावर ‘छ’ देऊन चंद्र व मुसलमानी महिना असतो. साल पुष्कळदां नसतें. या एका वर्षापुरती अडचण कशी आहे ती पाहा.

सवाई माधवराव वारला तो दिवस हिजरी १२१० च्या रबिलाखर महिन्यांतला, सुमारें १३ वा चंद्र. बाळोबास कैद झाली तो दिवस हिजरी १२११ च्या त्याच रबिलाखर महिन्यांतला, सुमारें २४ वा चंद्र. इंग्रजी तारीखही दोहोंची तीच, २७ आक्टोबर. आतां नानांच्या पक्षाच्या एखाद्या माणसाचें, फक्त ‘रबिलाखर’ एवढाच महिना दिलेलें पत्र हातीं आलें व त्यांत बाजीरावाचा उल्लेख असला, तर एका वर्षाच्या फरकानें त्याचा अर्थ अगदीं उलट होतो. पहिल्या रबिलाखरांत बाजीराव म्हणजे शिवनेरीवर जपून ठेवावयाचा धोका. दुसऱ्या रबिलाखरांत तोच धनी. पत्रांतील गोड शब्द दुसऱ्या वर्षाचे असून पहिल्या वर्षीं घातले, तर नानांचे लोक आरंभापासूनच आंतून बाजीरावास अनुकूल होते असा खोटा सिद्धांत उभा राहील.

सुहूर सन दिला असला तरीही सावध राहावें. तो मृगापासून, म्हणजे त्या काळीं जूनच्या आरंभीं, बदलतो. सवाई माधवरावाचा मृत्यु, नाना-बाजीरावांची मार्चांतील भेट आणि चिमाजीचें पेशवेपद हीं तिन्ही ‘सीत तिसैन मया व अलफ’, म्हणजे ११९६ या एकाच सनांत पडतात. चिमाजीस वस्त्रें झालीं तीं या सनाच्या अगदीं अखेरच्या दिवसांत, जिल्काद महिन्यांत. शालिवाहन शकाचें वर्ष मात्र एप्रिलांतच पालटलें होतें : मार्चांतील भेट शके १७१७ राक्षस संवत्सरांत, चिमाजीचें पेशवेपद शके १७१८ नल संवत्सरांत. महाडचें कारस्थान व बाजीरावाचीं वस्त्रें हीं ‘सबा तिसैन’ म्हणजे ११९७ सनांतलीं. सारांश, ११९६ या एका सनाच्या कागदांत नानांचें धोरण तीन प्रकारचें आहे : आधीं दत्तकाचें, मग बाजीरावाचें, मग कोणाचेंच नाहीं. केवळ सन पाहून गठ्ठा बांधला तर हे तिन्ही एकांत एक मिसळतील.

तिसरी अडचण नांवाची. चौदा महिन्यांत पंतप्रधानपद तिघांच्या वांट्यास आलें. म्हणून नुसतें ‘श्रीमंत’ किंवा ‘पंतप्रधान’ असें लिहिलेलें पत्र १७९५ च्या आक्टोबरापर्यंत सवाई माधवरावाचें, १७९६ च्या मेअखेरपासून आक्टोबरअखेरपर्यंत चिमाजीचें, आणि डिसेंबरापासून बाजीरावाचें समजावें. मधल्या महिन्यांत तर लिहिणाऱ्याचा पक्ष कोणता हें ठरल्यावांचून ‘श्रीमंत’ कोण हें ठरत नाहीं. पक्ष ठरविण्यासाठीं पत्र वाचावयाचें आणि पत्र समजण्यासाठीं पक्ष माहीत पाहिजे, हा फेरा तोडण्याचा उपाय एकच : पत्रांत ओघानें आलेले फौजेचे मुक्काम, नदीचा उतार, कोणाच्या घरचें लग्न किंवा मृत्यु, अशा निःपक्षपाती गोष्टींवरून आधीं दिवस बसवावा व मग ‘श्रीमंत’ हा शब्द वाचावा.

(६) या रीतीनें कागद लावले म्हणजे नानांचें मन बाजीरावाकडे वळलें या म्हणण्याचा खरा अर्थ कळतो. आमच्या मतें या सबंध प्रकरणांत सर्वांत बोलकी गोष्ट ही, कीं एकाच वर्षांत त्याच दोन माणसांमध्यें दोनदां लेखी करार झाले. पहिला मार्चांत, वैर विसरल्याचा. दुसरा महाडाहून परतण्यापूर्वीं नानांनीं अडून घेतलेला. आपल्याशीं कपट करणार नाहीं, आणि कारभार सोडावासा वाटला तर जीव व वित्त सुरक्षित राहील अशा ठिकाणीं जाऊं देऊं, असें बाजीरावानें लिहून द्यावें असा त्यांचा आग्रह होता. त्यास निजाम व शिंदे यांची हमीही मागितली गेली. मनें जुळलीं असतीं तर पहिल्या कागदावर दुसरा कागद लागला नसता. नानांनीं बाजीरावाचा पक्ष मनापासून चालविला यांत शंका नाहीं. महाडास बसून त्यांनीं जी बुद्धि खर्चिली ती अर्ध्या मनानें खर्चितां येत नाहीं. पण पक्ष मनापासून चालविणें निराळें व माणसावर विश्वास बसणें निराळें. पहिली गोष्ट हरलेल्या मुत्सद्द्यास एका महिन्यांत साधते. दुसरीस वर्षें लागतात, आणि कधीं कधीं ती साधतच नाहीं.

दुसऱ्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. बाजीरावासही नानांकडे वळावें लागलेंच. कोपरगांव, आनंदवल्ली व शिवनेरी येथें ज्याच्या हुकमानें बाळपण गेलें, त्याच मनुष्याच्या हातून त्यास गादी घ्यावयाची होती. त्याचें वय एकवीस. राज्यकारभाराचा अनुभव शून्य. अनुभव होता तो पहाऱ्याचा, चोरून पाठविलेल्या चिठ्ठ्यांचा, आणि मोडलेल्या शपथांचा. अशा मनुष्यानें वचन हें वेळ मारून नेण्याचें साधन समजावें यांत नवल नाहीं. ता. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं, दौलतरावाची भेट घेऊन परतणाऱ्या नानांस शिंद्याच्या चाकरींतील मायकेल फिलोज यानें कैद केलें, व त्यांत बाजीरावाचें अंग होतें. नानांस नेऊन ठेवलें तें अहमदनगरच्या किल्ल्यांत. महाडास बसून बाजीरावाच्या गादीची किंमत म्हणून जो किल्ला त्यांनीं शिंद्यास देऊं केला होता, त्याच किल्ल्यांत. पुढें १७९८ सालीं ते सुटले, पुन्हां कारभारांत आले, व ता. १३ मार्च १८०० रोजीं वारले. त्यानंतर तीन वर्षांच्या आंत वसईचा तह झाला.

(७) असा पक्षबदल आमच्याच इतिहासांत घडतो असें नव्हे. इंग्लंडांत क्रामवेलच्या पक्षाचा सेनापति मंक यानें इ. स. १६६० सालीं दुसऱ्या चार्लसास परत आणलें. त्याच्या कुळास मानपान मिळाले व राज्यास कांहीं काळ स्वस्थता मिळाली. फरक इतकाच, कीं मंकानें राजा आणला तेव्हां तिसऱ्यास मुलूख तोडून द्यावा लागला नाहीं. नानांस तो द्यावा लागला, कारण एकट्याच्या बळावर गादी देण्याची त्यांची शक्ति १७९६ च्या उन्हाळ्यांतच गेली होती. उशिरां केलेला पाठिंबा महाग पडतो, आणि त्याची किंमत पाठिंबा देणारा व घेणारा यांपेक्षां राज्यासच अधिक भरावी लागते. सवाई माधवराव वारतांच त्याच महिन्यांत नानांनीं बाजीरावास स्वतः बोलाविलें असतें तर पुढें सर्व ठीक झालें असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. इतिहासांत ‘असतें तर’ यास प्रमाण नसतें. पण त्या वेळीं मध्यें शिंद्याचा मोबदला नव्हता व शपथभंगाचा डागही नव्हता, एवढें कागदांवरून निश्चित दिसतें.

(८) शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ज्या घराण्यांतील पूर्वजांनीं १७९६ सालीं पक्ष बदलला त्यांच्या वंशजांस तीं पत्रें दाखविण्याचा संकोच वाटतो, हें स्वाभाविक आहे. विजयी धन्याच्या नांवचें पत्र रेशमी रुमालांत राहतें, आणि हरलेल्याच्या नांवचें आधीं वाळवीच्या व मग बंबाच्या स्वाधीन होतें. त्यामुळें आपल्या हातीं येणारा पुरावा आधींच एका बाजूस झुकलेला असतो, व त्यावरून सर्व लोक जिंकणाऱ्याच्याच बाजूचे होते असा भास होतो. विशेषतः चिमाजीच्या पांच महिन्यांच्या पेशवाईंतला कागद, मग ती साधी वराताची चिठ्ठी कां असेना, फुकट समजूं नये. त्या मुलाच्या नांवानें कोणी काय लिहिलें हें कळल्यावांचून, पुढें बाजीरावाच्या दरबारीं कोण कोठून चालत आला हें कळणार नाहीं. पूर्वजानें पक्ष बदलला यांत आज कोणाचीच अब्रू जात नाहीं. नाना फडणीसांनीं जें केलें त्याहून अधिक कोणी काय केलें असेल? कागद मात्र गेला म्हणजे तो पूर्वज कोणत्या महिन्यांत, कोणत्या भीतीनें व कोणत्या आशेनें वळला हें सांगण्यास त्याचा स्वतःचा शब्दही उरत नाहीं, आणि मग त्याचा न्याय इतरांच्या बखरीवरून होतो.

असो. आनंदवल्लीच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे गोदेच्या ज्या पाण्याची आण परशुरामभाऊंनीं घेतली तें पाणी अद्याप वाहतांना दिसतें. शपथेचा तो दिवस मात्र कागदांवरूनच बसवावा लागतो.